‘गूगलमधून बोलतोय’ म्हणून पैसे घेतले आणि आता वकिलाची नोटीस आली, तर काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीजवळ हळद आणि मसाल्याच्या पॅकिंगचं तुमचं छोटं युनिट आहे. तुम्ही बँकेच्या कामाला बाहेर असताना फोन आला: ‘गूगलमधून बोलतोय, तुमच्या दुकानाचं व्हेरिफिकेशन राहिलंय, संध्याकाळपर्यंत लिस्टिंग कायमचं बंद होईल.’ फोन पुतण्याने घेतला, त्याने तुमच्या दिरांना विचारलं, दिरांनी यूपीआयने ७,०८० रुपये भरून टाकले. चार दिवसांनी दुसरा फोन आला. ‘प्लॅटिनम’ प्लॅन, २९,५०० रुपये, गिऱ्हाइकांच्या रोज दहा चौकश्या हमखास. त्यातले निम्मे, म्हणजे १४,७५० भरले, एक ओटीपी सांगितला. चौकश्या आल्या त्यात बरेचसे नंबर बंद, आणि जे लागले त्यातल्या एकाला मसाला नको होता, मसाला दळायची गिरणी विकत हवी होती. तुम्ही उरलेले पैसे थांबवले. पावणेदोन महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर वकिलाची नोटीस आली: करार वर्षाचा आहे, राहिलेले १४,७५० आणि करारभंगाचे १०,००० असे २४,७५० रुपये ४८ तासांत भरा, नाहीतर दिल्लीच्या कोर्टात केस. ही फसवणूक आहे का, पैसे परत मिळतील का आणि नोटिशीला घाबरायचं का, असं तुम्ही विचारलंय.

घाईचं उत्तर आधी देतो. ४८ तासांत एक रुपयाही भरू नका. ही मुदत कुठल्या कायद्यात नाही, ती त्यांच्या वसुलीच्या सोयीची आहे. आणि फोनवर वाद घालू नका. चिडून बोललेलं ‘हो, घेतली होती ऑर्डर, मग काय झालं?’ एवढंच वाक्य कापून ठेवता येतं. जे बोलायचं ते लेखी.

मी कर सल्लागार आहे, वकील नाही. छोट्या कारखान्यांची आणि दुकानांची जीएसटीची व हिशेबाची कामं करतो. अशा नोटिशी बऱ्याचदा वकिलाआधी आमच्या टेबलावर येतात, कारण कागदावर कुठेतरी ‘जीएसटी १८ टक्के’ लिहिलेलं असतं आणि मग ते सल्लागाराचं काम ठरतं. त्यामुळे कागद कसा वाचायचा हे मी खात्रीने सांगू शकतो. कायद्याचा भाग मात्र तुमच्या वकिलांना एकदा दाखवून घ्या.

पैशांच्याही आधी एक काम करा. तुमच्या गूगलच्या प्रोफाइलमध्ये जाऊन मालक आणि मॅनेजर म्हणून कोणाची नावं आहेत ते बघा. ‘व्हेरिफिकेशन’च्या नावाखाली अनेकदा ओटीपी घेऊन परका माणूस स्वतःला तिथे मॅनेजर करून घेतो, आणि नंतर दुकानाचा फोन नंबर बदलण्याची ताकद त्याच्या हातात राहते. अनोळखी ईमेल दिसला तर काढून टाका, पासवर्ड बदला. मालकीच त्याच्याकडे गेली असेल तर गूगलच्या मदतविभागातून ती परत मागता येते. आणि गूगलवर दुकान दाखवायला पैसे लागत नाहीत. प्रोफाइल बनवणं फुकट, पडताळणी फुकट. जाहिराती विकत मिळतात, पण तो वेगळा विषय. तेव्हा ‘पैसे भरा नाहीतर लिस्टिंग बंद’ हे वाक्य ज्याने उच्चारलं तो गूगलचा नव्हता, इतकं आपण पक्कं धरून चालू.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही सगळं एका गाठोड्यात बांधून ‘ही फसवणूक आहे का’ असं विचारलंय, पण तुमच्याकडे दोन वेगळे व्यवहार आहेत. ७,०८० हे दुसऱ्याच्या नावाने बोलून घेतलेले पैसे. १४,७५० हे कदाचित खऱ्याखुऱ्या, नोंदणी असलेल्या कंपनीने फुगवून सांगितलेल्या सेवेचे पैसे. पहिल्यासाठी पोलिसांचा रस्ता, दुसऱ्यासाठी करार आणि ग्राहक आयोगाचा. दोन्ही एकत्र करून तक्रार दिली की ठाण्यात हमखास ऐकावं लागतं, ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा.’ म्हणून आधी सोडवून ठेवा.

सोडवायचं कसं, तर दोन कागदांवरून. पहिला म्हणजे पैसे कोणाच्या खात्यात गेले. यूपीआयच्या पावतीवर समोरच्याचं नाव येतं. तिथे कंपनीचं नाव आहे की कुणा व्यक्तीचं? व्यक्तीच्या नावाचं बचत खातं असेल तर मी पुढे फार विचार करत नाही. दुसरा कागद म्हणजे बिल. ७,०८० म्हणजे ६,००० अधिक १,०८० जीएसटी आणि २९,५०० म्हणजे २५,००० अधिक ४,५००, म्हणजे कर त्यांनी तुमच्याकडून घेतलाय. मग कर-बिल दिलं का? बहुतेक वेळा ‘प्रोफॉर्मा इन्व्हॉइस’ पाठवतात. ते दिसायला बिलासारखं असतं, पण ते कोटेशन असतं, कर-बिल नव्हे. बिलावरचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर पोर्टलवर टाका. तिथे नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द झालीय, सगळं फुकट दिसतं. नोंदणी नसताना कर गोळा करायला जीएसटी कायद्याच्या कलम ३२ ने मनाई आहे. आणि तुम्ही नियमित रिटर्न भरत असाल तर तुमच्या ‘टू-बी’त, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या पत्रकात, ते बिल आलंय का ते अकाउंटंटला बघायला सांगा. पुरवठादाराने खरंच विक्री दाखवली असेल तर ती पुढच्या महिन्याच्या १४ तारखेच्या सुमारास तिथे उमटते. पावणेदोन महिन्यांत ती उमटली नसेल तर कर खिशात घातल्याचा दाट संशय येतो, आणि तक्रारीला तो मजबूत मुद्दा आहे. (कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत असाल तर भरलेल्या कराच्या वजावटीचा प्रश्न नाही, पण बिल मागायचा हक्क आहेच.)

७,०८० चं काय होईल? खरं सांगायचं तर वेळ बराच गेलाय. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा नंबर पहिल्या काही तासांत उपयोगी पडतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी मधल्या बँकेत अडकवता येतात. पावणेदोन महिन्यांनी ती शक्यता फार थोडी. तरीही राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवाच. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, फोन नंबर, तारीख-वेळ, आणि ‘गूगलमधून बोलतोय’ हे शब्द जसेच्या तसे लिहा. हे शब्द महत्त्वाचे, कारण दुसऱ्याचं रूप घेऊन फसवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ चा भाग आहे, साधी फसवणूक कलम ३१८ मध्ये येते, आणि संगणक-फोनच्या साधनांनी तोतयेगिरी केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड लागतं. तक्रारीमुळे पैसे आले नाहीत तरी एक फायदा असतो: पुढे नोटिशीच्या उत्तरात तक्रार क्रमांक लिहिता येतो. तो आकडा पाहून वसुलीवाल्यांचा सूर बदलताना मी पाहिलाय.

बँकेकडून भरपाई मिळेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अनधिकृत व्यवहाराबद्दल ग्राहकाला संरक्षण आहे, पण ते तुमच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांना. दिरांनी स्वतः पिन टाकून भरलेले पैसे त्यात बसवणं अवघड आहे. फक्त एक तपासा: यूपीआयच्या अॅपमध्ये ‘ऑटोपे’खाली कुठला मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, चालू राहिलाय का. हप्त्याने पैसे घेणाऱ्या मंडळींची ती आवडती खोड आहे. दिसला तर लगेच रद्द करा, बँकेलाही लेखी कळवा.

आता १४,७५० आणि नोटीस. इथे मी तुम्हाला खूश करणारं उत्तर देणार नाही. ‘आम्ही कुठे सही केली?’ हा बचाव एकटा पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार आपल्याकडे ग्राह्य आहे, आणि ‘अटी मान्य’ असल्याचा ओटीपी सांगितला असेल तर तो ते दाखवतील. पण करार झाला म्हणजे तो पाळायलाच हवा असंही नाही. १८७२ च्या करार कायद्यात, खोटं सांगून संमती घेतली असेल तर ज्याला फसवलं त्याला तो करार मोडता येतो. त्यात एक बारीक फरक आहे. समोरच्याने भाबडेपणाने चुकीची माहिती दिली असेल तर ‘तुम्ही साधी चौकशी केली असती तर खरं कळलं असतं’ असं तो म्हणू शकतो. मुद्दाम खोटं सांगितलं असेल तर ती पळवाट त्याला नाही. म्हणून ‘रोज दहा चौकश्या हमखास’ हे वाक्य कुठे लिहिलेलं किंवा रेकॉर्ड झालेलं आहे का, यावर तुमचं निम्मं प्रकरण उभं आहे. पुतण्याच्या फोनमधलं चॅट, कॉल रेकॉर्डिंग, ‘सर, डोन्ट वरी’ छापाचे व्हॉइस मेसेज, सगळं शोधा. आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं झालं तर मूळ यंत्र लागू शकतं, आणि प्रत दिली तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतं.

करारभंगाचे १०,००० रुपये? करारात दंडाचा आकडा छापला म्हणून तो मिळतोच असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई देतं, छापलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. ज्या सेवेत बंद नंबर पुरवले तिच्यात त्यांचं नुकसान किती झालं हे त्यांना सांगावं लागेल. दिल्लीचं म्हणाल तर, जिथे मुळात अधिकारक्षेत्र आहे अशा दोन-तीन कोर्टांपैकी एक निवडायची मुभा कराराला असते. ज्या गावाचा व्यवहाराशी संबंधच नाही तिथलं कोर्ट निव्वळ लिहून ओढता येत नाही. त्यांचं ऑफिस खरंच दिल्लीत असेल तर मात्र ते कलम हसण्यावारी नेऊ नका.

नोटीस म्हणजे समन्स नाही, हे घरात सगळ्यांना सांगा, म्हणजे रात्रीची झोप लागेल. नोटीस कोणीही कोणालाही पाठवू शकतो. कोर्टात केस खरोखर दाखल झाली असेल तर तिला १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. नोटिशीवर वकिलाचं पूर्ण नाव, पत्ता, बार काउन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का? नसेल तर तेच उत्तरात विचारा. तरी, नोटीस खोटी वाटली तरी एकदा उत्तर द्यावं असं माझं मत आहे. गप्प बसलं तर नंतर ‘आम्ही कळवलं, त्यांनी काही म्हटलं नाही’ असा अर्थ लावला जातो. उत्तर एका पानाचं पुरे: अमुक तारखेला अमुक खोटं सांगून संमती घेतली, करार आम्ही त्या कारणाने रद्द करत आहोत, भरलेले पैसे परत करा, कर-बिल द्या, सायबर तक्रार क्रमांक हा. नोंदणीकृत स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. शिव्या नकोत, धमक्या नकोत.

यापुढे ग्राहक आयोगात जाता येईल का, हे तुमच्या युनिटच्या स्वरूपावर अवलंबून आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी हेतूने’ घेतलेली सेवा बाहेर ठेवलीय. पण स्वतः राबून, फक्त उपजीविकेसाठी घेऊन वापरलेल्या वस्तूंना त्यात सूट आहे; सेवेबद्दल तिथे तसे शब्द नाहीत, तेव्हा हे वकिलांना विचारा. तुम्ही प्रोप्रायटर असाल आणि घरची माणसंच काम करत असतील तर प्रयत्न करण्यासारखा आहे. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कठीण. हेतू व्यापारी होता हे सिद्ध करायची जबाबदारी सेवा देणाऱ्यावर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय, हे तुमच्या बाजूचं. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीतच करता येते, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. नाव जपणारी कंपनी असेल तर कधीकधी तेवढ्यावरही पैसे परत करते.

जरा विषयांतर. व्यापारी म्हणजे जाणता, त्याला कायद्याने कशाला सांभाळायचं, ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९९५ पासून टेलिमार्केटिंगचा नियम आहे, पण व्यापाऱ्यांना केलेले बहुतेक फोन त्यातून वगळले होते; अपवाद होता तो कागद, टोनर, सफाईचं सामान असल्या ऑफिसच्या वस्तूंचा, कारण तिथे लबाडी फारच माजली होती. त्या नियमाखाली फोनवर व्यापाऱ्याशी खोटं बोलण्यावरची बंदी सर्वसाधारणपणे लागू व्हायला तिथे २०२४ उजाडलं. आणि २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने फ्लोरिडातल्या ज्या टोळीवर खटला भरला, तिचं वाक्य काय होतं? ‘तुमचं गूगल लिस्टिंग बंद होणार आहे.’ तुमच्या पुतण्याने ऐकलेलं वाक्य जगभर फिरून आलंय, तेव्हा त्याला फार बोलू नका.

हे फोन का चालतात, याचं माझं उत्तर लोकांना पटत नाही. लोक म्हणतात अज्ञान. मला तसं दिसत नाही. फोनवाल्याच्या खोट्याला नेहमी एका खऱ्या नियमाचा टेकू असतो. निर्यातीसाठी लागणारा आयईसी कोड दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावा लागतो, हे खरं. करायला सरकारी शुल्क नाही, हे फोनवाला सांगत नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ‘आज कोड बंद होईल’ असे फोन येतात ते त्यामुळे. ट्रेडमार्कवर हरकत आली हे खरं असतं, कारण अर्जाची स्थिती कोणालाही ऑनलाइन दिसते. अर्ज क्रमांकासकट फोन आला म्हणून तो सरकारी होत नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि पूर्ण फुकट आहे, तरी तिच्यासारखी दिसणारी खाजगी संकेतस्थळं ‘फी’ घेतात, आणि एकदा तिथे नंबर टाकला की फोन सुरू. म्हणून ‘तो सांगतोय ते खरं आहे का’ हे तपासत बसू नका, अर्धं खरं निघेलच. पैसे कोणाच्या खात्यात मागतोय, तेवढं बघा. सरकारी शुल्क सरकारी पोर्टलवर, ‘गव्ह डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर, आपल्या लॉगिनमधून भरलं जातं. फोनवरून पाठवलेल्या क्यूआर कोडवर नाही.

दुसरं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. फोन घेणारा पुतण्या, पैसे भरणारे दीर आणि लिस्टिंग कोणी, कधी केलं हे माहीत असलेल्या तुम्ही. तीन माणसं, आणि फोन नेमका तिसरं माणूस नसताना. दिरांना वाटलं पुतण्याने चौकशी केली असेल, पुतण्याला वाटलं काका भरतायत म्हणजे ठीकच. छोट्या घरगुती धंद्यात हे फार दिसतं, आणि सराईत फोनवाला पहिल्याच कॉलला ‘पेमेंट कोण बघतं?’ हे विचारून घेतो. माझ्या अशिलांकडे मी एकच नियम लावायला सांगतो: फोन घेणाऱ्याने पैसे भरायचे नाहीत आणि भरणाऱ्याने फोनवर निर्णय घ्यायचा नाही. ‘ईमेल करा, आमचे सल्लागार बघून कळवतील’ एवढं वाक्य पुतण्याला पाठ करून द्या. खरा विक्रेता ईमेल करतो. खोटा आवाज चढवतो. शिवाय अन्न परवाना, ट्रेडमार्क, आयईसी यांच्या मुदती एका कागदावर लिहून टेलिफोनजवळ चिकटवा. ‘तुमचा परवाना आज संपतोय’ म्हटल्यावर मान वळवून तारीख बघता आली पाहिजे. काउंटरवरच्या क्यूआरचं खातं फक्त पैसे घ्यायला ठेवा, त्यातून भरणा नको.

फोनच्या तक्रारीबद्दल थोडं. प्रचाराचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत, साध्या दहा अंकी मोबाइलवरून नाही. तसा आला तर १९०९ वर किंवा दूरसंचार नियामक ट्रायच्या डीएनडी अॅपवर ७ दिवसांत तक्रार करता येते. तुमच्या पहिल्या फोनची मुदत गेली, पण वसुलीचे फोन अजून येत असतील. सरळ फसवणुकीचा प्रयत्न असेल, पैसे गेले नसतील, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे नंबर कळवा.

पैसे घेऊन चौकश्या पुरवणाऱ्या सगळ्याच कंपन्या लबाड नाहीत, हेही सांगायला हवं. माझ्या काही अशिलांना त्यातून खरी ऑर्डर मिळते, विशेषतः यंत्रं आणि सुटे भाग बनवणाऱ्यांना. पाकीटबंद मसाल्याला मला कमी उपयोग दिसतो. तुमचं गिऱ्हाईक वितरकाच्या ओळखीतून येतं. तरीही घ्यायचंच झालं तर आधी दोन गोष्टी लेखी विचारा: हीच चौकशी आणखी किती विक्रेत्यांना जाते, आणि बंद नंबर निघाला तर बदली चौकशी मिळते का. आणि वर्षाचे पैसे एकदम नको, एका महिन्याचे.

आणखी एक फोन तुम्हाला येईल, बहुधा याच महिन्यात. ‘आम्ही सायबर सेलमधून’ किंवा ‘ग्राहक मंचाकडून बोलतोय, तुमचे २१,८३० रुपये परत मंजूर झालेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा.’ रक्कम अचूक सांगतील, कारण ज्यांनी घेतले त्यांच्याकडूनच यादी पुढे जाते. दिरांना आजच सांगून ठेवा.

आता बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून काय दिसतं ते आणि यूपीआयच्या दोन्ही पावत्यांवर कोणाचं नाव आहे ते कळवा. नोंदणी रद्द किंवा दुसऱ्याच नावाची निघाली तर दोन्ही रकमा पोलीस तक्रारीत घालायच्या. चालू निघाली तर नोटिशीचं उत्तर आधी, आणि त्यात कर-बिलाची मागणी सगळ्यात वर.